पोशा नाखव्याचे पाच डबे

मुरूडच्या वाटेवर, काशीदच्या थोडं अलीकडे, समुद्राला लागून एक कोळीवाडा आहे. तिथली म्हातारी माणसं आजही माझी चौकशी करतात ती 'ते रंग न दिसणारे ड्रॉइंग मास्तर हल्ली कुठं असतात?' अशी. हे धादांत खोटं आहे. माझ्याकडे ड्रॉइंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आहे आणि रंगछटांच्या पेपरात मला पहिला वर्ग आहे. पण तक्रार कुणाकडे करणार? चाळीस माणसांसमोर ही गोष्ट मी स्वतःच्या तोंडानं सांगितलेली आहे. ती का सांगितली हे कळायला पोशा नाखवा कळायला हवा, आणि पोशा नाखव्याबद्दल बोलायचं म्हणजे माझा मूर्खपणा झाकून ठेवून चालत नाही. तेव्हा दोन्ही एकदमच सांगतो.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. गावात नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिला ड्रॉइंग मास्तर हवा होता, म्हणून मी साताऱ्याहून ट्रंक, वळकटी आणि रंगांची पेटी घेऊन जूनच्या सुरुवातीला तिथं उतरलो. बिऱ्हाडाला जागा मिळेना. शेवटी मास्तर एकटा आहे आणि मासे खातो एवढं कळल्यावर नाखव्यानं घरामागची पडवी मला दिली.

पहिल्या दिवशी अंगणात शिरलो तर या खांबापासून त्या खांबापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांना सुपारीएवढ्या रंगीत गोळ्यांच्या माळा टांगलेल्या. लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या. मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "कसली आरास आहे? लग्नबिग्न आहे का?" कमरेला रुमाल, कानात बाळी आणि डोक्याला कोळ्यांची लाल टोपी अशा वेशातला एक उंच म्हातारा चुलीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "शिसा हाय. हात लावू नका, सुकू द्या."

पोशा नाखव्याशी माझी ओळख झाली ती या दोन शब्दांनी. 'सुकू द्या' हे त्याचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर होतं. कुणी भांडण घेऊन आलं, सुकू द्या. शाळेत माझं हेडमास्तरांशी वाजलं, सुकू द्या. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारानं घरी येऊन मत मागितलं, तर त्यालाही "बरा, सुकू द्या" म्हणून वाटेला लावलं. तो बिचारा आपण निवडून आलो की पडलो हे विचारत गेला असेल.

त्या गोळ्या म्हणजे पागाला लावायची शिशाची वजनं. पाग म्हणजे गरगर फिरवून पाण्यावर फेकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला शिसं नसेल तर ते बुडत नाही. खडकांत अडकून पाग फाटतो, गोळ्या गळून पडतात आणि ओहोटीला दुसऱ्याच कुणाला तरी सापडतात. शिसं मिळायचं मुश्किलीनं, त्यामुळे एकेका गोळीला किंमत. म्हणून त्या कोळीवाड्यात रीत अशी की प्रत्येक घराचा आपला रंग. कुणाचा नुसता निळा, कुणाचा पिवळ्यावर पांढरा पट्टा. सापडलेली गोळी ज्याच्या रंगाची असेल त्याच्या ओट्यावर मुकाट्यानं ठेवून यायची. आणि सगळ्या घरांची शिसं ओतून, रंगवून द्यायचं काम एकट्या नाखव्याकडे. दुसऱ्या कुणी आपल्या हातानं रंग लावला तर तो कोळीवाड्यात धरला जात नसे. त्या वाड्यात कुणाचं काय आहे हे नाखव्याच्या हातावरून ठरायचं.

त्याचं काम मी रोज पाहायचो. ओल्या वाळूत सुपारी दाबून खळगे करायचे, मधोमध तारेचा तुकडा उभा करायचा आणि चुलीवर पळीत वितळवलेलं शिसं त्यात ओतायचं. गोळी निघाली की निखाऱ्यावर जरा शेकायची, म्हणजे रंग घट्ट धरतो. मग तारेला धरून डब्यात बुडवायची, एकदाच. रंग म्हणजे होड्या रंगवून उरलेला तेलरंग. असे पाच डबे ओट्याखाली दारापासून ओळीनं मांडलेले असायचे. डब्यात बुडवण्याआधी नाखवा प्रत्येक वेळी त्यावर वाकून लांब श्वास घ्यायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला तेलरंगाच्या वासाची चटक लागली आहे. काही लोकांना पेट्रोलच्या वासाची असते तशी. एकदा मी त्याला त्याबद्दल चार उपदेशाचे शब्दही ऐकवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या डब्यावर वाकला.

तो समुद्रावर जात नसे. एके काळी त्याची स्वतःची होडी होती, आणि वारा नुसता नाकानं ओळखणारा नाखवा म्हणून अलिबागपर्यंत त्याचं नाव होतं. मग एका वर्षी त्यानं होडी पुतण्याला देऊन टाकली. कारण विचारलं की म्हणायचा, "कंबर गेली." ही गेलेली कंबर मी रोज पाहत होतो. शिशानं भरलेली पाटी तो एका हातानं उचलायचा आणि शेवाळलेल्या खडकांवरून माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं चालायचा. पण दुसऱ्याच्या कंबरेबद्दल शंका घेणं बरं दिसत नाही.

रविवारी मात्र तो खडकांवर गरवायला जायचा, म्हणजे गळ टाकून मासे धरायला. त्याचे गळही त्यानंच केलेले. गळाच्या मानेवर शिशाचं छोटं डोकं ओतायचं, त्याला रंग द्यायचा, काडीनं दोन डोळे काढायचे आणि मागं कोंबड्याची पिसं बांधायची. तरुणपणी मुंबईच्या गोदीत एका गोऱ्या खलाशाकडे त्यानं तसला गळ पाहिला होता. त्याचं म्हणणं, "मासा भुकेन गल घेत न्हाय, मास्तर. रागान घेतो. ह्यो कोन टकामका बगतो माज्याकरं, म्हनून त्याला चावाया येतो." नाखव्यानं काढलेले डोळे एक वर, एक खाली असे असत. पाहून मासा काय, मलाही राग यायचा.

साहजिकच माझ्यातला कलावंत जागा झाला. मी एक डोकं मागून घेतलं आणि माझ्या पेटीतल्या बारीक कुंचल्यानं दीड तास खपून त्यावर निळ्याच्या तीन छटा, पोटाकडे उजेड, कल्ल्यापाशी सावली आणि बुबुळात पांढरा ठिपका असं काम केलं. प्रदर्शनात मांडण्यासारखं झालं होतं. रविवारी खडकावरून पहिल्यांदाच तो गळ फेकला आणि तो कपारीत असा अडकला की दोरी तोडावी लागली. माझा चेहरा पाहून नाखवा म्हणाला, "चांगला रंगवला व्हता. दर्याला आवरला, म्हनून ठेवून घेतलान." मग त्यानं आपला एक वर एक खाली डोळ्यांचा गळ फेकला आणि हातभर लांबीचा पालू मासा काढला.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये नारळी पुनव जवळ आली. पुनवेला दर्याची पूजा झाली की होड्या आणि जाळी पाण्यात जातात, त्यामुळे त्याआधीचे आठ-दहा दिवस नाखव्याकडे शिशाच्या पाट्यांची रांग लागायची. नेमकी त्याच वेळी त्याची बायको चांगुणाबाय लेकीच्या बाळंतपणाला रेवदंड्याला गेली. चांगुणाबाय म्हणजे त्या घरातला बोलणारा आवाज. नाखवा महिन्याभरात जेवढं बोलायचा तेवढं ती मासे साफ करताना बोलून टाकायची. रोज सकाळी रंगांचे डबे मांडायचीही तीच. ती गेली आणि ओट्यावर पसारा झाला. डबे बरबटलेले, झाकणं चिकटलेली, रंग साय धरून घट्ट झालेले. पण मला सगळ्यात खटकला तो डब्यांचा क्रम. दारापासून हिरवा, पिवळा, लाल, निळा, पांढरा. आम्ही ड्रॉइंगवाले इंद्रधनुष्याच्या क्रमात वाढलेली माणसं. लाल, पिवळा, हिरवा, निळा असं हवं. दोनच डबे चुकीच्या जागी होते आणि ते पाहून माझ्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होत होतं.

एका संध्याकाळी नाखवा पुतण्याकडे गेला होता. मी धोतर खोचलं, पाचही डबे घासूनपुसून लख्ख केले, प्रत्येकात माझ्या बाटलीतलं टर्पेंटाईन ओतून रंग छान पातळ केले आणि हिरवा नि लाल यांची अदलाबदल करून इंद्रधनुष्य जागेवर आणलं. मग दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. नाखव्याला काही सांगितलं नाही. आपलं काम आपण होऊन बोलावं, अशी त्या वयात माझी समजूत होती.

काम बोललं. पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळा वाडा शिसं न्यायला अंगणात जमला. शाळेला सुटी होती, मी पडवीच्या दाराशी चहाचा पेला घेऊन उभा होतो. माळा उजळ, सुरेख दिसत होत्या. कुणाच्या माळेवर कुठला रंग हवा हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी नुसता खूश.

इथं दोन भावांबद्दल सांगायला हवं. थोरला जोमा, धाकटा नारायण. घर वाटून झालं तेव्हा आजोबांच्या वेळचा लाल रंग थोरल्याकडे राहिला आणि धाकट्यानं हिरवा घ्यावा असं ठरलं. होडी दिली, जाळी दिली, पण रंग दिला नाही, हे नारायण कधी विसरला नाही. चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जोमानं आपली माळ दोरीवरून उतरवली आणि तो जागच्या जागी थांबला.

"नाखवा, ह्यो काय?"

"तुजा शिसा. बारा कमी शंभर."

"माजा? ह्यो माजा रंग?"

तेवढ्यात पलीकडून नारायणनं आपली माळ उचलली. ती लालभडक होती. त्याचा चेहरा असा फुलला की काही विचारू नका. माळ हातात उंच धरून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाखव्यान न्याय केला! आजाचा रंग माजाच व्हता!"

जोमानं त्याची बंडी धरली. बायका ओरडायला लागल्या. कुणी म्हणे नाखव्यानं धाकट्याचं ऐकून केलं, कुणी म्हणे आमच्या माळेचा लाल पट्टा कुठं आहे, आमच्यावर हिरवा का मारला. जोमाची बायको नाखव्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमी तुज्याकरं डोले मिटून शिसा देतंव, नाखवा. तू असा करशील तर मंग कोनाच्या हातावर ईस्वास ठेवाचा?"

मी नाखव्याकडे पाहिलं. तो एका माळेकडून दुसऱ्या माळेकडे पाहत होता, पुन्हा पहिलीकडे. एवढा मोठा माणूस, पण बाजारात आईचा हात सुटलेल्या मुलासारखा दिसत होता. मग त्याची नजर ओट्याखाली गेली. दाराकडून त्यानं डबे मोजले. एक, दोन, तीन. त्याचं बोट हलताना मला दिसलं. आणि मला एकदम सगळं समजलं. रंगाचा वास घेणारं नाक, डब्यांची ठरलेली जागा, रोज सकाळी स्वतः डबे मांडणारी चांगुणाबाय. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते. आणि दोन खुणांवर चाललेल्या त्याच्या कामातली एक खूण मी टर्पेंटाईननं बुडवली होती, दुसरी इंद्रधनुष्यानं.

आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. आपण पक्षपात केला असं लोकांना वाटू द्यायचं, नाहीतर आपल्याला रंग दिसत नाहीत हे चारचौघांत कबूल करायचं. कुठलीही धरली तरी ते काम त्याच्या हातून जाणार होतं. समुद्र सुटलेल्या त्या माणसाकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. मी अंगणात उतरलो आणि ओरडलो, "मी रंगवल्या! नाखव्याची काही चूक नाही. तो पुतण्याकडे गेला होता, मी मदत करायला गेलो. मला... मला लाल आणि हिरवा कळत नाही!"

जोमानं बंडी सोडली.

"पन तुमी तर डराइंगचं मास्तर," कुणीतरी म्हणालं.

"हो," मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

आधी एक म्हातारी हसली. मग जोमा. तो हसता हसता खाली बसला. नारायणही हसला, आणि हसण्याच्या भरात त्यानं जोमाच्या खांद्याला हात टेकला तो कुणाच्या लक्षातही आला नाही. पाचच मिनिटांत तो वाडा मला नको नको ते रंग दाखवून विचारत होता, "मास्तर, ह्यो लुगरा कंचा? ही मिरची पिकली का कच्ची?" चार वर्षं माझ्या चित्रकलेनं जे साधणार नव्हतं ते मी एका वाक्यात साधलं. सगळं गाव मला ओळखायला लागलं.

त्याच दिवशी निरोप गेला आणि दुपारी चांगुणाबाय आली. तिनं ओट्याखाली एकदा पाहिलं, दोन डबे उचलून जागच्या जागी ठेवले आणि मला म्हणाली, "मास्तर, तुमची आईस तुमाला भांड्यांना हात लावू देवाची का?" मी मान खाली घातली. नाखव्यानं संध्याकाळपर्यंत सगळ्या माळा पुन्हा बुडवल्या.

सोमवारी हेडसरांनी बोलावलं. बातमी माझ्याआधी शाळेत पोचली होती. टेबलावर लाल आणि निळ्या शाईच्या दौती, हिरवी पेन्सिल, तांबडी फीत असा मांड मांडलेला. त्यांनी दौतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोणता रंग?" मी 'लाल' म्हणणार तोच दारात उभा असलेला शिपाई दिसला. शिपाई कोळीवाड्यातला, जोमाचा मेव्हणा. मी इथं बरोबर उत्तर दिलं असतं तर तासाभरात वाड्यावर कळलं असतं की मास्तर खोटं बोलला, आणि मग खरं काय याचा शोध सुरू झाला असता. चुकीचं दिलं तर नोकरी जाते. मी म्हणालो, "सर, उत्तरं लेखी दिली तर चालतील का?"

हेडसरांनी कागद पुढं केला. मी सगळी उत्तरं लिहून दिली, सगळी बरोबर होती. त्यांनी ती तपासली, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "डोळे ठीक आहेत तुमचे." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण मला ते ऐकू आलं. त्या वर्षापासून माझ्याकडचे वरचे वर्ग काढून कवायतीचे तास दिले.

त्या रविवारी नाखव्यानं मला गरवायला चल म्हणून खूण केली. खडकावर बसल्यावर गळ टाकला, दोरी बोटाला गुंडाळली आणि समुद्राकडे बघत विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"न्हाय दिसत तुमाला ते."

मी तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती. मला दिसतं, तुला वाचवायला मी बोललो, असं मी म्हणू शकलो असतो. मग तो माझा ऋणी झाला असता आणि आयुष्यभर माझ्यासमोर खाली मान घालून बसला असता. मी म्हणालो, "लहानपणापासून."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शिसं ओतून ओतून राठ झालेला तो हात बराच वेळ तिथंच होता. "मला वाटला व्हता, मी येकलाच," तो म्हणाला. "बायकोशिवाय कोनालाच ठावं न्हाय. आता तुमाला."

मग त्यानं सांगितलं. लढाई संपल्यावर मोटार लाँचवर सारंगाची, म्हणजे लाँच चालवणाऱ्याची, जागा निघाली होती. पगार, डगला, टोपी, सगळं मिळणार होतं. बंदराच्या कचेरीत परीक्षेला गेला. वारा, भरती, खडक, सगळं त्यानं साहेबापेक्षा चांगलं सांगितलं. शेवटी एका अंधाऱ्या खोलीत नेऊन दोन दिवे दाखवले. जहाजाच्या एका अंगाला लाल दिवा असतो, दुसऱ्या अंगाला हिरवा. "मी बोललू, साहेब, दिवा चांगला हाय. साहेब बोलला, कंचा? मी बोललू, दोनी चांगलं हायेत." तो हसला, पण फार नाही. "तवा समाजला मला. इतकी वरसं रातचा समोरून जहाज आला की मी अंदाजानं होरी वलवली. सात मान्सा असाची माज्या होरीत. घरी आलू नि बोललू, कंबर गेली."

"मग हेच रंगांचं काम का घेतलंत?" मी विचारलं.

"ज्यान मला किनाऱ्याव बसवला, त्याच्यासंगच बसलू," नाखवा म्हणाला. "पलून कुटं जावाचा?"

मला रडू आलं. वारा होता म्हणून निभावलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी त्या गावात होतो, आणि तेवढी वर्षं नाखव्यासमोर मला रंग दिसत नव्हते. तो मला शिकवायचा. लाल रंगाचा वास जड असतो, घशात बसतो. हिरव्याचा नाकाच्या शेंड्यावर. पिकलेला आंबा हातानं बघायचा, डोळ्यानं नाही. कपडे घेताना दुकानदाराला आधी बोलू द्यायचं, तो रंगाचं नाव घेतोच. मी सगळं मन लावून ऐकायचो. हळूहळू मला खरोखरच डोळे मिटून डब्यातला रंग ओळखता येऊ लागला, ही एवढीच माझी त्या काळातली कलेतली प्रगती. माझं लग्न झालं तेव्हा नाखव्यानं माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "बाय, मास्तरांचं कपरं तुमी काराचं. कारन इचारू नका." तिला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं गंभीरपणे मान हलवली आणि त्या दिवसापासून माझे कपडे खरंच तीच काढायला लागली. ते आजतागायत चालू आहे.

मग बदली झाली. सामान एसटीवर पोचवायला जोमा आणि नारायण दोघंही आले. एकानं ट्रंक घेतली, दुसऱ्यानं वळकटी. तळ्याच्या वळणावर ट्रंक खांदेपालट करताना जोमा म्हणाला, "मास्तर, येक बोलू? नाखव्याला लाल-हिरवा दिसत न्हाय, ह्ये आख्ख्या कोलीवार्‍याला ठावं हाय. त्यान होरी सोरली तवापासून."

मी थांबलोच. "मग त्या दिवशी एवढं भांडण... तुझी बायको काय काय बोलली नाखव्याला!"

"रागाच्या भरात ईसरलो व्हतो," जोमा म्हणाला. "तुमी बोलला मला दिसत न्हाय, नि सगल्यांना येकदम आठवला. म्हनून तर हसलो. लाज वाटली म्हनून हसलो." ट्रंक खांद्यावर नीट बसवत तो पुढं म्हणाला, "तुमाला दिसतो ह्ये पन ठावं हाय. पोरांच्या चित्रांच्या वह्या बगतो ना आमी. त्याला येकट्याला मातुर सांगू नका."

म्हणजे सात-आठ वर्षं एका माणसाचं गुपित मी छातीशी धरून बसलो होतो, आणि ते सांभाळायला माझ्या आधीपासून अख्खा वाडा बसला होता. मी फक्त शेवटी येऊन जागा धरली होती.

नाखवा एसटीच्या थांब्यावर आधीच येऊन उभा होता. रुमालाच्या गाठीतून त्यानं केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पान उघडलं. शिशाचं डोकं असलेला गळ होता. निळा, गडद निळा, आणि त्यावर पिवळे डोळे, एक वर, एक खाली.

"निला नि पिवला," तो म्हणाला. "लई दिस इच्यार केला. ह्ये दोन आपल्याला दोघांनाबी दिसतात. दिसतात ना, मास्तर?"

"दिसतात, नाखवा," मी म्हणालो. रंगांबद्दल मी त्याच्याशी एवढं एकच खरं बोललो.

गाडी सुरू झाली. खिडकीतून पाहिलं तर तो हात वर करून काहीतरी ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण मी गळ हातात घट्ट धरलेला त्याला दिसला असणार. रेवदंड्याच्या अलीकडे बायकोनं माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीकडे बोट दाखवलं. मनगटापासून कोपरापर्यंत निळा डाग पडला होता. रंग अजून सुकायचा होता.